मूळ रिमवर रुंद टायर: २१५ च्या जागी २२५ की २४५?

प्रश्न थोडक्यात असा. गाडीला कंपनीचेच १७ इंची, ७ इंच रुंद अलॉय आहेत आणि त्यांवर २१५/४५ आर१७ टायर (२१५ मिमी रुंदी, साइडवॉलची म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ४५ टक्के, १७ इंची रिम). ते झिजलेत, आता चांगले परफॉर्मन्स टायर घ्यायचेत. वापर रोजचा, शिवाय घाटातली वळणं आणि अधूनमधून ट्रॅक. रिम बदलायची तयारी नाही. टायरवाला म्हणतो, '२४५/४० आरामात बसतो, बसवून देतो.' मित्र म्हणतो, २२५/४५ च्या पुढे जाऊ नकोस. कुणाचं ऐकायचं? आणि हवा किती ठेवायची?

मित्राचं ऐका. टायरवाला खोटं बोलत नाही. २४५ त्या रिमवर चढेल, हवा भरली की बीडही (टायरची रिमला टेकणारी कड) 'टक्' करून जागेवर बसेल, आणि गाडी मागून एकदम भारदस्त दिसेल. पण त्या जास्तीच्या रुंदीतला बराच भाग रस्त्यापर्यंत पोहोचणारच नाही. जो पोहोचेल तोही तुम्हाला हवा तेव्हा, म्हणजे वळणात गाडी कलल्यावर, नीट काम करणार नाही. का ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या मापाबद्दल विचार करताना कुणाला विचारावं लागणार नाही.

आधी रिमची रुंदी खात्रीने माहीत हवी. रिमच्या आतल्या बाजूला किंवा स्पोकच्या मागे '१७×७जे ईटी४८' असं काहीतरी कोरलेलं असतं. १७ हा व्यास, ७ ही रुंदी, 'जे' हा कडेच्या आकाराचा प्रकार आणि ईटी म्हणजे ऑफसेट (चाक गाडीला टेकतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती सरकलेली, ते), मिलिमीटरमध्ये. ही रुंदी दोन्ही कडांच्या आतून मोजलेली असते, जिथे टायरचे बीड टेकतात तिथे. बाहेरून टेप लावली तर साधारण इंचभर जास्त भरते. 'माझे रिम तर ८ इंची आहेत' असं सांगणाऱ्या निम्म्या लोकांचे रिम प्रत्यक्षात ७ इंची निघतात, ते यामुळेच. टेप नको, कोरलेला आकडा वाचा.

आता टायर. साइडवॉलवर लिहिलेले २१५ किंवा २४५ हे मिलिमीटर म्हणजे ट्रेडची, रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या पट्ट्याची, रुंदी नव्हे. ती फुगवलेल्या टायरची एका साइडवॉलपासून दुसऱ्यापर्यंतची नाममात्र रुंदी, आणि तीही ठरलेल्या मापाच्या रिमवर मोजलेली. प्रत्येक मापाला असा एक मोजणीचा रिम असतो आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे काही रुंदीपर्यंत परवानगी असते. २१५/४५ आर१७ चा मोजणीचा रिम ७ इंची, परवानगी ७ ते ८. २२५/४५ आर१७ चा ७.५ इंची, परवानगी ७ ते ८.५. २३५/४५ आर१७ चा ८ इंची, परवानगी ७.५ पासून पुढे. आणि २४५/४० आर१७ चा मोजणीचा रिम ८.५ इंची, परवानगी ८ ते ९.५. म्हणजे तुमच्या ७ इंची रिमवर २२५ अगदी खालच्या काठावर का होईना पण चौकटीत बसतो. २३५ बाहेर, आणि २४५ तर पुरा इंचभर बाहेर. टायर कंपनीच्या माहितीपत्रकात हे आकडे दिलेले असतात. टायरवाल्याच्या शब्दापेक्षा ते पत्रक बघा.

रिम अर्धा इंच अरुंद झाला की टायरची प्रत्यक्ष रुंदी साधारण ५ मिमीने कमी होते. या एका नियमाने गणित करून बघा. २४५/४० आर१७ हा ८.५ इंची रिमवर सुमारे २४८ मिमी भरतो. ७ इंचीवर आणला की तीन वेळा अर्धा इंच, म्हणजे १५ मिमी गेले, उरले २३३. पैसे २४५ चे, हातात २३३. आता उलट बघा: २२५/४५ हा ७.५ वर २२५ भरतो; ८ इंची रिमवर तोच २३० होतो. म्हणजे चांगल्या रुंद रिमवरचा २२५ आणि तुमच्या रिमवर कोंबलेला २४५ बाहेरून जवळपास सारखेच. फक्त पहिल्याची साइडवॉल सरळ उभी असते आणि दुसऱ्याची आत वळलेली.

सगळी गोम या साइडवॉलच्या उभं राहण्यात आहे. ७ इंच म्हणजे १७८ मिमी. २४५ च्या परफॉर्मन्स टायरचा ट्रेड त्याहून बराच रुंद असतो, त्यामुळे साइडवॉल ट्रेडच्या कडेपासून निघून आत रिमकडे तिरकी उतरते. रुंद बूड टेकवून अरुंद स्टुलावर बसलेल्या माणसासारखी गत: सरळ बसलाय तोवर ठीक, बाजूला झुकला की तोल जातो. वळणात बाजूचा जोर आला की ट्रेड रस्त्याला धरून ठेवतो आणि रिम त्याच्यावरून बाहेरच्या दिशेने सरकू बघतो. मधली साइडवॉल उभी असती तर तिने तो जोर लगेच पोहोचवला असता. तिरकी असल्याने आधी ती दुमडते, मग जोर पोहोचतो. स्टेअरिंगवर हे कसं जाणवतं? तुम्ही वळवता, नाक क्षणभर थांबतं, मग एकदम वळतं. दोन सलग उलटसुलट वळणांत तर हा उशीर फारच खटकतो. नवे, महागडे, चिकट टायर घालून गाडी आधीपेक्षा मऊ का वाटते, असं विचारणाऱ्यांची गाडी बहुधा याच दुखण्याची असते.

दुसरा परिणाम ट्रेडवर. बीड जवळ ओढले गेले की ट्रेड मध्ये फुगतो, कडा किंचित उचलल्या जातात. सरळ रस्त्यावर मधला पट्टा जास्त भार घेतो, गरम होतो आणि लवकर झिजतो. असा वापरलेला टायर उतरवून समोर उभा धरा: मधल्या दोन फासळ्या सपाट आणि कडेच्या ठोकळ्यांवर अजून नवेपणाचे बारीक रबरी केस शिल्लक, असं चित्र दिसतं. पकड वाढवायला घेतलेले ते कडेचे ठोकळे रस्त्याला जेमतेमच लागलेले असतात.

'पण रुंद टायर म्हणजे जास्त रबर रस्त्यावर, हे तरी खरं ना?' पूर्णपणे नाही. साधं गणित करू. १३०० किलोची गाडी, एका चाकावर साधारण ३२५ किलो, हवा ३२ पीएसआय म्हणजे २.२ बार. वजन भागिले दाब केलं की रस्त्याला टेकणारं क्षेत्रफळ येतं सुमारे १४५ चौरस सेंटिमीटर. टायरच्या सांगाड्याचा स्वतःचा ताठपणा थोडा भार उचलतो, म्हणून हा आकडा काटेकोर नाही, पण त्यात टायरच्या रुंदीचा उल्लेखच नाही, हे लक्षात घ्या. हा टेकणारा भाग, म्हणजे ठसा, १८ सेंमी रुंद असेल तर लांबी ८ सेंमी. २० सेंमी केला तर लांबी सव्वासात. रबर तेवढंच, फक्त आडवं पसरलेलं.

मग रुंदीचा फायदा काहीच नाही? आहे, पण तो वेगळ्या वाटेने येतो. ठसा आखूड आणि रुंद असला की बाजूच्या जोराला टायर कमी पिळतो आणि कमी स्लिप अँगलवरच (चाकाचं तोंड आणि गाडी प्रत्यक्ष जाते ती दिशा यांतला कोन) पकड देतो, म्हणून तो चपळ वाटतो. फिरताना दर फेऱ्याला जास्त रबर कामाला लागतं, त्यामुळे उष्णता पसरते आणि ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या फेरीला टायर ढेपाळत नाही. आणि टायरमध्ये हवेची जागा वाढल्याने तेच वजन थोड्या कमी दाबावर उचलता येतं. दाब कमी म्हणजे ठसा खरंच मोठा. या तिन्ही फायद्यांना एकच अट आहे: साइडवॉलला रिमचा आधार हवा. अरुंद रिमवर चपळपणा साइडवॉल खाते, आणि हवा कमी करण्याची तर सोयच उरत नाही. त्यावर पुढे येतो.

पकडीचा मोठा हिस्सा रबराच्या मिश्रणातून येतो, रुंदीतून नव्हे. याचं चांगलं उदाहरण तुमच्याच मापाचं आहे. टोयोटाने २०१२ साली जीटी८६ आणली तेव्हा तिच्या १७×७ रिमवर मिशेलिन प्रायमसी एचपी २१५/४५ आर१७ होते, म्हणजे शांत, टिकाऊ प्रवृत्तीचे टायर. काही प्रियस गाड्यांवरही हेच असत. गाडी सहज घसरावी, चालवायला खेळकर वाटावी म्हणून हे मुद्दाम केलेलं होतं. त्याच रिमवर, त्याच २१५ मापात उन्हाळी परफॉर्मन्स टायर घातला तरी ती गाडी ओळखू येत नाही इतकी वेगळी ब्रेक मारते आणि वळते. माझ्या मते तुमच्या पैशांचा ७० टक्के फायदा मिश्रणातून येईल, २० टक्के ताठ साइडवॉलमधून, आणि रुंदीच्या वाट्याला उरलेलं. हे टक्के प्रयोगशाळेतले नाहीत, हाताखालून गेलेल्या गाड्यांवरून केलेला अंदाज आहे, पण क्रम बदलणार नाही.

मिश्रणाचा अंदाज साइडवॉलवरच्या ट्रेडवेअर आकड्यावरून येतो. २०० च्या आसपास म्हणजे ट्रॅककडे झुकलेला चिकट टायर, ३०० ते ३४० म्हणजे रोजच्या वापराला चालणारा उन्हाळी परफॉर्मन्स टायर, ५०० च्या पुढे म्हणजे टिकाऊपणाला प्राधान्य. मात्र हा आकडा कंपनी स्वतः जाहीर करते, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांचे २०० आणि २४० यांची तुलना करत बसू नका. तुमच्या वापराला मी ३०० च्या जवळचा टायर निवडेन. २०० वाले थंडीत आणि भर पावसात उगाच घाबरवतात, आणि रोज चालवलं तर बघता बघता संपतात.

आणखी एक गंमत. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर शेजारी ठेवले तर ट्रेडच्या रुंदीत सेंटिमीटरभर फरक सहज निघतो. ट्रॅकसाठी बनवलेल्या टायरचे खांदे चौकोनी असतात, त्यामुळे त्याचा २२५ हा एखाद्या गोल खांद्याच्या साध्या २३५ पेक्षा जास्त ट्रेड रस्त्यावर टेकवतो. म्हणून माप वाढवण्याआधी माहितीपत्रकातला 'ट्रेडची रुंदी' हा रकाना बघा. पुष्कळदा माप न वाढवताच हवं ते मिळतं.

इथे कुणीतरी म्हणेल की अमेरिकेत ऑटोक्रॉसवाले (शंकूंमधून एकेकट्याने वेळेवर गाडी पळवणारे) अरुंद मूळ रिमवर ठासून रुंद टायर घालतात आणि जिंकतात. खरं आहे. तिथल्या एससीसीए या मोटरस्पोर्ट संघटनेच्या सोलो स्पर्धांत स्ट्रीट वर्गाच्या नियमाप्रमाणे रिमची रुंदी मूळचीच ठेवावी लागते, टायर मात्र २०० किंवा जास्त ट्रेडवेअरचा, आत मावेल तेवढा रुंद घालता येतो. रिम बदलायची बंदी असेल तर रुंदी वाढवण्याचा तोच एक मार्ग उरतो. पण त्यांची परिस्थिती बघा. एक फेरी साधारण मिनिटभराची. टायर निवडलेला सर्वांत ताठ साइडवॉलचा. हवा दर फेरीगणिक तपासलेली. मधला पट्टा लवकर झिजला तरी पर्वा नाही, कारण टायर मुळात टिकवायचाच नाही. आणि त्याच लोकांना रुंद रिमची परवानगी असलेल्या वर्गात नेलं की पहिली गोष्ट ते रिम बदलतात. तुम्हाला तोच टायर घेऊन पावसात, सामान भरून, खड्ड्यांतून हजारो किलोमीटर जायचं आहे. परवानगीच्या बाहेरच्या रिमवर साइडवॉल सतत जास्त वाकते, गरम होते, आणि काही बिनसलं तर टायर कंपनी वॉरंटी नाकारते.

व्यासाचं पटकन बघू. २१५/४५ आर१७ चा व्यास ६२५ मिमी. २२५/४५ चा ६३४, म्हणजे दीड टक्क्याने मोठा. २४५/४० चा ६२८. २३५/४५ चा ६४३, जवळपास ३ टक्क्यांनी मोठा. मी २ टक्क्यांच्या आत राहतो. स्पीडोमीटर बहुतेक गाड्यांत मुळातच थोडा जास्त वेग दाखवतो, त्यामुळे दीड टक्का त्यातच जिरून जातो. एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोललाही, चारही चाकं सारखी असतील तर, काही कळत नाही. ३ टक्के मोठा टायर मात्र प्रत्येक गिअर तेवढाच लांब करतो. चढावर ओढ कमी झाल्याचं हाताला कळतं.

लोड इंडेक्सकडे, म्हणजे टायर किती भार उचलतो त्याच्या निर्देशांकाकडे, लोक दुर्लक्ष करतात. तुमच्या मूळ टायरवर ८७ असेल तर एका टायरची क्षमता ५४५ किलो. २२५/४५ साध्या बांधणीत ९१ चा येतो, म्हणजे ६१५ किलो; त्यामुळे इथे चिंता नाही. गोंधळ होतो तो एक्सएल, म्हणजे जादा भाराच्या टायरमध्ये. त्याची क्षमता २.९ बारला मोजलेली असते, साध्या टायरची २.५ बारला. म्हणून एकाच निर्देशांकाचे साधा आणि एक्सएल हे सारखे नाहीत: तुमच्या दारावरच्या स्टिकरवरची हवा ठेवली तर एक्सएल कमी वजन उचलतो. ढोबळ हिशेब असा की एक्सएलचा निर्देशांक मूळ साध्या टायरपेक्षा चारने तरी जास्त असावा. ८७ च्या जागी ९१ एक्सएल म्हणजे बरोबरी, ९४ एक्सएल म्हणजे सुरक्षित. वेगाचं अक्षर मूळपेक्षा खालचं घेऊ नका. व्ही म्हणजे ताशी २४० किमी, डब्ल्यू २७०, वाय ३००. परफॉर्मन्स टायर बहुधा डब्ल्यू किंवा वाय असतात, त्यामुळे तिथे अडचण येत नाही.

आता घासण्याचा प्रश्न. रिम आणि ऑफसेट तोच असल्याने वाढलेली रुंदी आत-बाहेर निम्मी-निम्मी वाटली जाते. २१५ तुमच्या रिमवर २१३ मिमी भरतो, २२५ भरेल २२०. म्हणजे दोन्ही बाजूंना साडेतीन मिमी. त्रिज्या वाढते साडेचार मिमी. बहुतेक गाड्यांत हे निमूट मावतं. २४५ ला दोन्ही बाजूंना १० मिमी जातात, आणि आतल्या बाजूला तेवढी जागा नसण्याचीच शक्यता जास्त.

तपासताना दोन जागा वेगळ्या समजा. आतल्या बाजूला पुढच्या चाकाजवळ शॉकॲब्सॉर्बरचा स्ट्रट असतो आणि त्यावर स्प्रिंगची वाटी. मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये स्ट्रट आणि चाक एकाच नकलवर (चाक धरून ठेवणारा धातूचा भाग) बांधलेले, खड्ड्यात दोघं मिळून वर-खाली होतात, म्हणून त्यांच्यातलं अंतर फारसं बदलत नाही. टायर वळणात वाकतो तेवढीच जागा लागते. ५ मिमी मोकळे असले तर मी समाधानी असतो. मडगार्डची कड मात्र जागेवर असते आणि चाक तिच्याकडे येतं. तिथे उभ्या गाडीत १० मिमी दिसले म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही.

म्हणून असं करा. लहान मुलांच्या खेळण्याच्या मातीचे बोटभर जाडीचे गोळे करून स्ट्रटवर टायरसमोर, मडगार्डच्या आतल्या कडेवर आणि पुढच्या प्लास्टिक लायनरच्या (मडगार्डच्या आतलं अस्तर) मागच्या कोपऱ्यात चिकटवा. मागच्या सीटवर तीन माणसं बसवा, डिकीत वजन टाका. स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला ठेवून हळू पुढे, मग मागे. दुसऱ्या बाजूला तसंच. एखाद्या गतिरोधकावरून तिरपं चढा, म्हणजे एक चाक पूर्ण दाबलं जाईल. मग गोळे काढून बघा. गोळा तसाच असेल तर प्रश्नच नाही. दाबून ४-५ मिमीचा उरला असेल तर तीच तुमची खरी मोकळी जागा. आणि त्यावर ट्रेडच्या खाचांचा ठसा उमटून माती कागदाइतकी पातळ झाली असेल, तर तो टायर त्या जागी एक दिवस नक्की घासणार. लायनरचं प्लास्टिक घासलं तर आवाज येतो, फार बिघडत नाही. मडगार्डच्या पत्र्याची धार घासली तर साइडवॉल कापली जाते, आणि ती कापलेली तुम्हाला आतून दिसतही नाही. हे सगळं एका चाकावर नवा टायर चढवून, बाकी तीन चढवण्याआधी करून घ्या. टायरवाला कुरकुरेल, पण करतो.

हवा. सुरुवात दारावरच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्यापासून, टायर थंड असताना. २२५ ला रस्त्यावर बहुतेक वेळा तोच आकडा बरोबर निघतो. टायरच्या साइडवॉलवरचा कमाल दाब ही मर्यादा आहे, भरायचा आकडा नव्हे. हे सांगावं लागतं कारण अनेक हवावाले तोच वाचून भरतात. मग ट्रेडवर आडवी खडूची जाड रेघ ओढा, सपाट सरळ रस्त्यावर थोडं अंतर जाऊन या. रेघ सगळीकडे सारखी पुसली गेली तर ठीक. मधलीच गेली तर हवा जास्त, कडेचीच गेली तर कमी. एक-एक पीएसआयने बदल करा.

ट्रॅकसाठी दुसरी खूण. ट्रेडची कड जिथे साइडवॉलला मिळते तिथे बहुतेक टायरवर छोटा त्रिकोण कोरलेला असतो. कडेपासून खाली साइडवॉलवर खडू फासा आणि दोन-तीन जोरदार फेऱ्या मारा. खडू त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला तर टायर योग्य तेवढा वळतोय. त्याच्याही खाली गेला तर टायर साइडवॉलवर चालतोय: हवा वाढवा. गरम झाल्यावर दाब ४ ते ६ पीएसआय वाढतो, म्हणून ट्रॅकवर मोजायचा तो गरम दाब. घरी जाण्यापूर्वी परत थंड मापावर आणायला विसरू नका.

कोंबलेल्या २४५ चा पेच इथे उघडा पडतो. मधला पट्टा गरम आणि झिजलेला दिसतो, म्हणजे हवा कमी करायला हवी. हवा कमी केली की आधीच तिरकी असलेली साइडवॉल आणखी लोळते आणि खडू त्रिकोणाच्या खाली जातो, म्हणजे हवा वाढवायला हवी. दोन्ही खुणा उलट बोलतात आणि मधला मार्ग नसतो. फार कमी हवेत जोरदार वळण घेतलं तर बीड जागेवरून सुटण्याचाही धोका असतो. रिम आणि टायर जुळलेले असतात तेव्हा एकच आकडा दोन्ही खुणांना पटतो.

पावसाचं सांगतो, कारण रुंद टायर घेणारे हे विचारत नाहीत. रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि ठसा आखूड असल्याने त्याला वेळही कमी मिळतो. म्हणून साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो. हवा कमी असेल तर आणखी लवकर. चांगल्या खाचांचा नवा परफॉर्मन्स टायर ओल्या रस्त्यावर उत्तम ब्रेक मारतो, पण खाच ३ मिमीच्या खाली आली की त्याचा स्वभाव बदलतो. कायद्याची मर्यादा अनेक देशांत १.६ मिमी आहे. माझी रुंद टायरसाठीची ३ आहे.

बाकी बारीकसारीक: पार्किंगमध्ये स्टेअरिंग थोडं जड, रस्त्यावरच्या लांब खाचांमागे गाडी किंचित ओढली जाणार, आवाज वाढणार, इंधन थोडं जास्त. २२५ ला यातलं काहीही त्रासदायक होण्याइतकं नसतं. तुमच्याकडे मापबदलाला नोंदणीच्या कागदांत परवानगी लागते का आणि विमा कंपनीला कळवावं लागतं का, ते बसवण्याआधी विचारून घ्या; परवानगीच्या रिम रुंदीबाहेरचा टायर असला की अपघातानंतर पहिलं बोट तिथेच जातं.

टायर चारही एकदम बदला. पैसे अपुरे म्हणून पुढे दोन नवे चिकट आणि मागे जुने, असं मुळीच करू नका: पुढचं टोक धरतं, मागचं सुटतं, आणि घाटात उताराच्या वळणावर गाडी गर्रकन फिरते. बसवल्यावर अलाइनमेंट करून घ्या. जुन्या टायरची पकड कमी असल्याने जी किरकोळ चूक खपत होती, ती नव्याची आतली कड काही महिन्यांत खाऊन टाकते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवा; साच्यातून निघताना लागलेला गुळगुळीत थर जाईपर्यंत टायर खरी पकड देत नाही. खरेदी करताना साइडवॉलवरचा चार आकडी कोडही बघा, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. नावाजलेला टायर पण चार वर्षं गोदामात पडलेला, असा सौदा नको.

आणि २२५ वर वर्षभर चालवल्यावरही आणखी हवं असं वाटलं, तर टायर वाढवू नका, रिम वाढवा. १७×८, ऑफसेट जागा मोजून ठरवलेला, आणि त्यावर हाच २२५ किंवा २३५/४५ ऐवजी व्यास जुळणारा २४५/४०. तेव्हा २४५ परवानगीच्या चौकटीत येतो आणि वर सांगितलेल्या बहुतेक तक्रारी आपोआप संपतात. खर्च जास्त आहे, म्हणून आधी टायर, मग रिम, हा क्रम मला योग्य वाटतो.

स्टेपनीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगून ठेवतो. ती जुन्या २१५ मापाची राहील, व्यास दीड टक्क्याने लहान. पंक्चरच्या वेळी जवळच्या दुकानापर्यंत जायला चालते. गाडी मागच्या चाकांवर चालणारी आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियलवाली (दोन चाकांच्या वेगातला फरक रोखणारी यंत्रणा) असेल, तर स्टेपनी मागे लावू नका. पंक्चर मागचं असलं तर पुढचं एक चाक काढून मागे लावा आणि स्टेपनी पुढे. दहा मिनिटं जास्त जातात, डिफरन्शियल वाचतो. स्टेपनीच्या खळग्यात २२५ चा पंक्चर झालेला टायर मावतो का, हेही घरीच एकदा ठेवून बघा. काही गाड्यांत झाकण बसत नाही आणि तो मागच्या सीटवर आडवा न्यावा लागतो.